वाचून दाखवा, सिस्टर

डॉक्टरांनी फोनवर औषध सांगितलं, मी ते कागदावर उतरवून घेतलं, आणि परत वाचून दाखवायची वेळ आली तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना. सकाळचे सव्वादहा झाले होते. सात नंबरच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याचा रक्ताचा रिपोर्ट आला होता, पोटॅशियम खाली गेलं होतं, आणि डॉक्टर खालच्या मजल्यावर दुसऱ्या पेशंटपाशी अडकल्यामुळे फोनवरूनच सांगत होते. रोजचीच गोष्ट. "वाचून दाखवा, सिस्टर," ते म्हणाले. कागद समोर होता, अक्षर माझंच होतं, गोल आणि सुटं, तीस वर्षांत ज्याला कुणी नाव ठेवलं नाही असं. त्यातला दोन दिसत होता, शून्य दिसत होता. "सिस्टर? आहात ना?" मी रिसीव्हर कानाला लावून तशीच उभी. शेवटी माझ्या हाताखालची सिस्टर, जिला मीच हे सगळं शिकवलं, तिने माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेतला आणि कागदावरून खणखणीत वाचलं: खाट सात, पेशंटचं नाव, औषध, वीस, दोन-शून्य, सलाईनमधून, चार तासांत. पलीकडून "बरोबर" ऐकू आलं. तिने रिसीव्हर ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बसा जरा. साखर कमी झाली असेल." माझी साखर अगदी ठणठणीत आहे. तरी मी बसले.

हा नियम आमच्या वॉर्डात मी जितका पाळते तितका कुणी पाळत नाही. फोनवरून आलेला आकडा ऐकायचा, लिहायचा, आणि लिहिलेला मोठ्याने परत वाचून दाखवायचा. पलीकडचा "बरोबर" म्हणेपर्यंत औषधाला हात लावायचा नाही. घाईत पंधराचे पन्नास ऐकू येतात, म्हणून पंधरा म्हणजे एक-पाच आणि पन्नास म्हणजे पाच-शून्य, असं सुटं सुटं, एकही अक्षर न गिळता. नव्या मुली सुरुवातीला हसतात. पोपट म्हणतात मला, पाठीमागे. मला माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर आवडतंही. मुली घाबरल्या की मी त्यांना सांगते, पलीकडे कोण आहे याचा विचार करायचा नाही, तो ओरडतोय का रडतोय याच्याकडे लक्ष द्यायचं नाही, आपलं लक्ष फक्त आकड्यावर. माणूस घाबरलेला असला की आपण जास्त हळू बोलायचं. हे मी इतक्या वेळा सांगितलं आहे की त्यातलं एक अक्षरही आता माझ्या डोक्यात नसतं, ते सगळं जिभेत उतरलं आहे. तिथेच ते गेल्या अकरा दिवसांपासून कुजत पडलं आहे.

अकरा दिवसांपूर्वी दुपारी साडेचारला मी नुकतेच केस धुतले होते. ड्युटी संपवून घरी आलं की मला आधी हॉस्पिटलचा वास डोक्यावरून काढायचा असतो. टॉवेल गुंडाळून खिडकीत बसले होते तर फोन वाजला, नंबर अनोळखी. एरवी मी असले फोन उचलत नाही. उचलला, कारण हात रिकामा होता, याहून मोठं कारण मला सापडत नाही. "काकू, फोन ठेवू नका हो," एक मुलगी म्हणाली. रडून रडून आवाज बसलेला. वडील दुसऱ्या गावी अतिदक्षता विभागात होते. ऑपरेशनचे पैसे काकांनी पाठवले होते, पण फॉर्म भरताना तिच्या हातून मोबाईलचा एक आकडा चुकला आणि तिच्या नंबरच्या जागी माझा नंबर गेला. आता पैसे सुटायचे तर सहा आकडे माझ्या फोनवर येणार होते, आणि पाच वाजता काउंटर बंद होणार होतं. हे ऐकून कुणीही शहाणा माणूस फोन ठेवील. आमच्या वॉर्डाच्या भिंतीवर, हजेरीच्या वहीच्या बरोबर वर, असे आकडे कुणालाही सांगू नयेत असं बजावणारा कागद लावलेला आहे, आणि तो वाकडा लागला होता म्हणून मीच चार टाचण्या काढून पुन्हा सरळ लावला होता.

पण त्या मुलीच्या मागे एक आवाज येत होता. दोन बारीक सूर, एक लांब, मग थोडी शांतता, पुन्हा दोन बारीक, एक लांब. हा आवाज मी झोपेत ओळखीन. औषध थेंबाथेंबाने सोडणारा पंप असतो, त्यातलं औषध संपत आलं की तो असा ओरडतो. त्याच्याही मागे हृदयाचा ठोका दाखवणारं मशीन, मिनिटाला एकशेदहाच्या आसपास, म्हणजे माणूस तापात नाहीतर दुखण्यात. हे मी मोजलं. टॉवेलमधून पाणी मानेवर ओघळत होतं आणि मी कधी न पाहिलेल्या माणसाच्या हृदयाचे ठोके मोजत बसले होते. "बाळा," मी म्हटलं, "तो आवाज येतोय ना, तो पंपाचा आहे. घाबरण्यासारखं काही नाही, औषध संपत आलंय. आधी तिथल्या सिस्टरला सांग." तिचं रडणं थांबलं. तिला हे अपेक्षित नसणार. मग म्हणाली, "हो काकू, सांगते. तुम्हाला कसं हो कळलं?" आणि मी सांगितलं. तीस वर्षं, इनचार्ज आहे, किती खाटा, कुठला वॉर्ड, सगळं. तिने काही विचारायच्या आधी मी स्वतःच्या तोंडाने माझं सगळं पुराण लावलं. "देवासारख्या भेटलात," ती म्हणाली, आणि मला ते खरं वाटलं.

मग ती म्हणाली, जुळतंय का बघायला कार्डावरचे आकडे सांगाल का. मी उठून पर्स आणली. मी घाईत नव्हते, हे मला पुन्हा पुन्हा आठवतं. तीच घाईत होती, मी तिला म्हणत होते, सावकाश, बाळा, लिहून घे. कार्ड वाचून दाखवलं. मग फोनवर ते सहा आकडे आले, मी तेही वाचून दाखवले. सहा, एक, एक, चार, शून्य, नऊ. "बरोबर, काकू." मग म्हणाली, इथलं नेटवर्क गेलं, दुसरे येतील. दुसरे आले. मग तिसरे. तिन्ही वेळा मी एकेक अंक सुटा करून, त्या मुलीला चुकूनही चुकता येणार नाही इतक्या स्वच्छ उच्चारात वाचला. तिन्ही वेळा ती "बरोबर" म्हणाली. तो शब्द कानावर पडला की माझ्या आत एक खटका बसतो, काम पुरं झाल्याचा, तसा तो तिन्ही वेळा बसला. अकरा मिनिटं आम्ही बोललो, आणि अकरा मिनिटं तो पंप मागे ओरडत राहिला, त्याच चालीत, त्याच अंतराने, आणि कुणी येऊन तो बंद केला नाही. कुठल्याही खऱ्या वॉर्डात हे शक्य नाही. दोन मिनिटांत कुणीतरी येतंच, निदान आवाज तरी दाबून जातं. मला हे कळायला हवं होतं, जगात दुसऱ्या कुणाला नाही तरी मला. मी काय केलं, तर त्या न दिसणाऱ्या वॉर्डातल्या सिस्टरवर चिडले. मनात म्हटलं, माझ्या हाताखाली असती तर दाखवलं असतं.

फोन संपल्यावर मी चहा केला. तो चहा मला आठवला की अंगावर अजून काटा येतो. पाव तास मी खिडकीत बसून तो चहा घोटघोट पीत होते, केस वाळत होते, आणि स्वतःवर इतकी खूश होते की तेवढी गेल्या कित्येक वर्षांत झाले नव्हते. मनातल्या मनात ही हकीकत हाताखालच्या मुलींना सांगूनही झाली होती, जराशी कमी करून, म्हणजे मोठेपणा घेतल्यासारखा दिसू नये. मग वाटलं, वडिलांना आत घेतलं की नाही विचारावं. फोन लावला, बंद. ऑपरेशनच्या वेळी फोन बंदच ठेवतात, असंही मी स्वतःला समजावलं. मग ते तीन संदेश आता कशाला ठेवायचे म्हणून पुसायला घेतले, आणि पुसायच्या आधी, पहिल्यांदाच, आकड्यांच्या वरती काय लिहिलं होतं ते वाचलं: रक्कम, आणि ती कुठल्या खात्यातून जातेय ते.

ते पैसे माझे नव्हते. माझे असते तर मी डोकं आपटून घेतलं असतं आणि कुणाला कळू न देता म्हातारी झाले असते. ते ताईचे होते. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली त्यामुळे माझ्या वेण्या घालण्यापासून नर्सिंगच्या फीपर्यंत सगळं तिनेच केलं. भावोजींचं फोटोंना फ्रेम करून देण्याचं दुकान होतं. ते गेल्यावर ताईने दुकान विकलं, आणि ती रक्कम बँकेत दोघींच्या नावावर ठेवली, कार्ड माझ्या पर्समध्ये. तिचं म्हणणं, मला ते काउंटरवरचं काही कळत नाही, तू शिकलेली, तू डोळ्यात तेल घालून बघशील. ताई तिसऱ्या मजल्यावर राहते. तिचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. भाजी आणायला उतरायचं तर ती सकाळपासून मनाची तयारी करते. तिच्याच गल्लीत, कपडे धुण्याच्या दुकानामागे, तळमजल्यावरची एक खोली विकायला निघाली होती, लहानशी, पण खिडकी होती आणि दारात एकच पायरी. गेली दोन वर्षं ताई त्या खोलीसाठी थांबली होती. मालकाशी बोलणी झाली, तारीख ठरली. मी शेवटची तिच्याकडे गेले तेव्हा तिने फळीवरचे डबे उतरवून भावोजींच्या दुकानातल्या सुतळीने जोडीजोडीने बांधले होते, आणि मला म्हणाली होती, "आता दार उघडं टाकून बसणार. येणारं-जाणारं दिसेल तरी."

त्याच दिवशी, पावणेसहाच्या सुमारास, मी ते तीन संदेश पुन्हा पुन्हा वाचत असताना तिचा फोन आला. "बँकेचं सगळं ठीक ना गं?" तिने विचारलं. मला वाटलं, खोलीची तारीख जवळ आली म्हणून विचारते आहे. मी म्हटलं, "बँकेचं मशीन बंद पडलंय. दोन दिवसांत होईल. तू काळजी करू नकोस. आणि उगाच कुणाशी बोलत बसू नकोस." फोन ठेवल्यावर मला कळलं की हा आवाज मी आत्ताच कुठेतरी ऐकला होता. ती मुलगीसुद्धा तसंच म्हणाली होती, काळजी करू नका काकू, दोन मिनिटांत होईल, आणि कुणाला सांगू नका, वडिलांना कमीपणा वाटेल. नंतरचे अकरा दिवस मी ताईला रोज काहीतरी सांगत होते. मशीन बंद आहे. साहेब रजेवर आहेत. एक सही राहिली. प्रत्येक वेळी ती म्हणायची, "बरं." जी बाई दोऱ्याच्या रिळासाठी दुकानदाराची दहा मिनिटं उलटतपासणी घेते, तिने मला एकदाही "कसली सही" म्हणून विचारलं नाही. मला वाटायचं, केवढा हा विश्वास, आणि मग तोंड धुवायला जावं लागायचं.

बँकेत मी दुसऱ्याच दिवशी गेले होते. तिथला अधिकारी तरुण होता, चेहऱ्याने शांत. "म्हणजे आकडे तुम्ही स्वतः सांगितलेत, मॅडम?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं. "तिन्ही वेळा?" मी पुन्हा हो म्हटलं. तो काही टोचून बोलला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त एक फॉर्म पुढे केला, आणि त्यात हकीकत लिहायला चार रेघा होत्या. मी माझ्या त्या गोल, सुट्या अक्षरात लिहिलं. तक्रार केली, नंबर मिळाला, पोलिसांकडचाही एक नंबर मिळाला. अधिकारी म्हणाला, आशा ठेवू नका, तुम्हीच सांगितल्यामुळे अवघड आहे. परत येताना मी विचार करत होते की मला नेमकी लाज कशाची वाटते. फसल्याची वाटत होतीच, पण ती वरवरची. मला दया आली म्हणून मी दिलं, असंही मला म्हणता येत नव्हतं. वॉर्डात रोज चार माणसं माझ्यासमोर रडतात आणि मी त्यांना हात धरून बाकावर बसवते आणि पुढच्या खाटेकडे जाते. त्या मुलीला मी जे दिलं ते तिने मला "तुम्हाला कसं कळलं" असं विचारलं म्हणून दिलं. घरी मला असं विचारणारं कुणी नाही. मी एकटी राहते, आणि माझ्याकडे जे कळतं ते सगळं वॉर्डात ठेवून रोज रिकामी घरी येते. तिने विचारलं आणि मी ताईची खोली उचलून तिच्या हातात दिली.

हे सगळं मी सकाळी वॉर्डातल्या खुर्चीवर बसून पुन्हा एकदा उगाळत होते, आणि समोर सात नंबरच्या म्हाताऱ्याला सलाईन लागत होतं. त्याची सून त्याचे पाय दाबत होती. त्या घरातल्या कुणालाच माहीत नव्हतं की मघाशी मिनिटभर त्यांचा माणूस माझ्या जिभेवर अडकून बसला होता. आज हाताखालची सिस्टर शेजारी होती म्हणून निभावलं. उद्या मी एकटी असेन, मी मनाशी म्हटलं. हे असंच तोंडात ठेवून मला आता कुठलाच आकडा बाहेर काढता येणार नाही. मी दोन तास लवकर सुटी मागितली. तीस वर्षांत अशी सुटी मी बोटांवर मोजण्याइतक्या वेळा घेतली असेल, तेव्हा कुणी कारणही विचारलं नाही.

ताईच्या इमारतीला चोपन्न पायऱ्या आहेत. पूर्वी मी त्या कधी मोजल्या नव्हत्या. त्या दिवशी मोजल्या, कारण मोजत राहिलं की विचार करावा लागत नाही. प्रत्येक वळणावर कठड्याचा लोखंडी बार एका जागी झिजून चकचकीत झाला आहे. तिथे ताई थांबते. मी त्या जागी हात ठेवला तेव्हा तो मला माझ्याच हातापेक्षा ओळखीचा वाटला. दुसऱ्या मजल्यावर कुणाच्या तरी दारात ओली फरशी होती, साबणाचा वास येत होता. मी मनात वाक्यं जुळवत होते. ताई, एक सांगायचं आहे. ताई, रागावू नकोस. ताई, माझ्या निवृत्तीला दोन वर्षं आहेत, पैसे येतील त्यातले आधी तुझे. एकही वाक्य तिसऱ्या मजल्यापर्यंत टिकलं नाही.

दार उघडंच होतं. ताई खुर्चीवर बसून जुन्या उशीचा अभ्रा शिवत होती. "आज लवकर?" तिने विचारलं. मी हो म्हटलं आणि चप्पल काढताना माझी नजर फळीकडे गेली. डबे फळीवर होते. सुतळी सुटलेली, नीट गुंडाळून खिळ्याला अडकवलेली, आणि डबे पूर्वीच्या जागी, मोठ्यापासून लहानापर्यंत, ओळीने. मी ते पाहिलं आणि मला त्याचा काही अर्थ लागला नाही. भिंतीवर भावोजींनी केलेल्या तीन रिकाम्या फ्रेमा होत्या, त्या नेहमीच तिथे असतात. "बस ना," ताई म्हणाली. बसले असते तर पुन्हा काहीतरी मशीन बंद पडलं असतं, म्हणून मी उभ्यानेच सांगितलं, ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला सांगतात तसं, क्रमाने. दिवस, वेळ, मुलीचा आवाज, पंप, पहिले आकडे, दुसरे, तिसरे. पंपाचंही सांगितलं आणि चहाचंही. "पहिल्यांदा एक लाख साठ हजार गेले," मी म्हटलं, "मग दोन लाख, मग एक लाख. मागे उरले सातशे बारा." माझा आवाज स्वच्छ येत होता. सकाळी जो फुटला नव्हता तो आता थांबत नव्हता.

ताईने सुई अभ्र्यात टोचून ठेवली. "सातशे बारा," ती म्हणाली. "बरोबर."

हा आकडा तिच्याकडे कुठून आला? मग मला आठवलं. बँकेचा फॉर्म मीच भरला होता, आणि दोघींचे मोबाईल नंबर मीच, माझ्या त्या अक्षरात, एकाखाली एक लिहिले होते. पैसे गेल्याचे संदेश तिलाही गेले होते. "त्याच दिवशी आले तीन," ताई म्हणाली. "मला ते बारीक दिसत नाही. खाली औषधाच्या दुकानात जाऊन वाचून घेतले. मग तुला फोन केला, तर तू म्हणालीस मशीन बंद आहे."

"मग बोलली का नाहीस? अकरा दिवस मी तुला..."

"मला वाटलं, तू घेतलेस."

तिने हे इतक्या साधेपणाने म्हटलं की मला आधी कळलंच नाही. ती अभ्र्यावरचा दोऱ्याचा तुकडा चिमटीत धरून बघत होती. "गेल्या वर्षी तुझे घराचे हप्ते थकले होते," ती म्हणाली. "तू सांगितलं नाहीस, पण मी तुझ्या टेबलावर कागद पाहिला होता. म्हटलं, पुन्हा अडली असेल. मागायला तोंड झालं नसेल. घेतले तर घेतले, कुणाकडे गेलेत, धाकटीकडेच ना. दुसऱ्या दिवशी जाऊन खोली नको म्हणून सांगून आले. एका शिंप्याने घेतली. अकरा दिवस मी तुझी बाजू घेऊन स्वतःशी भांडतेय, धाकटे. दमले गं."

मला वाटलं होतं ती रागावेल, रडेल, निदान डोक्याला हात लावून बसेल. त्या सगळ्यांची मी तयारी करून आले होते. मी तिच्याच पैशांची चोर आहे असं समजून तिने मला माफ केलं होतं, डबे परत लावले होते, आणि रोज संध्याकाळी माझ्या खोटेपणाला "बरं" म्हणत होती, म्हणजे मला संकोच वाटू नये. याची तयारी कशी करायची ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मी खाली बसले, तिच्या खुर्चीच्या पायाशी, फरशीवर. "म्हणजे तू नाही घेतलेस," ती म्हणाली. तिचा चेहरा सैल झाला, खरंच सैल झाला, आजारातून उठलेल्या माणसासारखा, आणि चार लाख साठ हजार गेलेली बाई माझ्यासमोर सुटकेचा श्वास टाकत होती. तिच्याकडे मला बघवेना.

"कोण होती ती?" तिने विचारलं. मला माहीत नव्हतं. "नाव?" मी विचारलंच नव्हतं. वॉर्डात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला मी आधी नाव विचारते. ताई हसली, पण ते हसू मध्येच थांबलं. मग ती म्हणाली, आणि आवाजात राग नव्हता म्हणून ते जास्त लागलं, "रडली म्हणून दिलेस ना तिला. मी कधी रडले नाही तुझ्याकडे." मी म्हटलं, माझे निवृत्तीचे पैसे येतील, दोन वर्षांनी, त्यातले आधी तुझे. ताई म्हणाली, "दोन वर्षांनी गुडघे कुठे असतील ते बघू." तिने खुर्चीच्या हातांवर भार देऊन स्वतःला उठवलं, गुडघा कडकन वाजला, आणि ती चहा ठेवायला गेली. मी करते म्हटलं तर म्हणाली, "तुझा चहा मला नको सध्या." आम्ही दोघी हसलो. हसताना माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने ते पाहून न पाहिल्यासारखं केलं, ही तिची जुनीच सवय.

निघताना ती नेहमीप्रमाणे सोबत निघाली. मी कुठूनही कुठेही निघाले की ताई मला खालच्या दारापर्यंत सोडायला येते, मी शाळेत जात होते तेव्हापासून. मी म्हटलं, नको येऊस. तिने चप्पल घातली. मी म्हटलं, ताई, आज तरी नको. "गप गं," ती म्हणाली. उतरताना तिने एक हात कठड्यावर ठेवला आणि दुसरा माझ्या खांद्यावर. एका पायरीवर एक पाय, मग दुसरा पाय, मग श्वास. खालच्या दारापाशी तिने माझी ओढणी सारखी केली, म्हणाली, "उद्या ड्युटी कितीची?" मी म्हटलं, "सातची." "मग लवकर झोप. आणि फोन उचलत जाऊ नकोस सगळ्यांचे." मग ती वळली.

मी निघाले नाही. दाराच्या आतच, पत्रपेट्यांच्या शेजारी, ती वळणावरून दिसेनाशी झाल्यावरही उभी राहिले. तिची पावलं ऐकू येत होती. एक पाय, मग दुसरा, मग कठड्यावर अंगठीचा बारीक आवाज. मी मोजू लागले. अठराव्या पायरीवर ती थांबली, तिथला झिजलेला बार मला न बघता दिसला. मग पुन्हा सुरू झाली. छत्तीसला बराच वेळ थांबली. मला वाटलं, हाक मारावी, वर जावं, पण वर जाऊन तिला मी काय देणार होते. रस्त्यावरून कुणीतरी हसत गेलं. मग पावलं पुन्हा सुरू झाली, आता जास्त हळू, आणि मी एकेक आकडा ओठांत, सुटा सुटा म्हणत राहिले. पाच-दोन. पाच-तीन. पाच-चार. वर दार लागल्याचा आवाज आला, कडी सरकली, आणि मग मी बाहेर पडले.